वीज नसलेले रूळ

ही घटना खरी आहे. मी विज्ञान शिकले आहे. ते सगळं झालं तेव्हा हातात वीज मोजायचा मीटर घेऊन मी तिथे उभी होते, आणि तरीही काय झालं ते मला समजावून सांगता येत नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

रात्र नव्हती. रविवारची दुपार होती, जेवणं उरकली होती, लख्ख ऊन होतं. जागा म्हणजे माझ्या मामाच्या घरामागची बाग.

त्या बागेत मामाने रेल्वे बांधली होती.

खेळण्यातली नाही. तसं कुणी म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. पितळी रूळ, बारीक खडी, पूल, बोगदा आणि हातभर लांबीचं इंजिन. रूळ बागेला वळसा घालून स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जायचे. मामी त्या गाडीला 'माझी सवत' म्हणायची. सवतीला पुसून झालं असेल तर स्वतःही अंघोळ करा, असं खिडकीतून सुनावायची.

गाडी चालायची ती रुळांतल्या विजेवर. अगदी कमी वीज, बोट लावलं तरी कळणार नाही इतकी. घरातली वीज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर बागेतल्या शेडमध्ये होता, पण बटण स्वयंपाकघरात, खिडकीशेजारी. रूळ घासून पुसून झाले की मामा गुडघ्यावर बसूनच हाक मारायचा, "अगं, चालू कर!" मामीचे हात कामात असायचे. ती कोपराने बटण दाबायची.

मामाचा एक मित्र दर रविवारी यायचा. गळ्यात शिट्टी, खिशात हिरवं निशाण. सगळे त्यांना गार्ड म्हणायचे, मी गार्डकाका.

एका दमट सकाळी मामा त्या बागेतच गेला.

लिंबाच्या झाडाजवळ. गुडघ्यावर बसलेला, तळवा रुळावर टेकलेला. ट्रान्सफॉर्मरमध्ये पाणी शिरलं होतं आणि घरातली पूर्ण वीज रुळांत उतरली होती.

तेव्हा बागेत दुसरं कुणी होतं तर ते फक्त गार्डकाका. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की त्याने हाक मारलीच नव्हती, वहिनींनी घाईत बटण दाबलं.

मामी म्हणत राहिली, हाक आली होती. कुणी विश्वास ठेवला नाही. मामाचा मुलगा, माझा दादा, त्या दिवसापासून आईशी बोलला नाही. मग हळूहळू मामीचाच स्वतःवरचा विश्वास उडाला. भांडी विसळता विसळता ती मध्येच थांबायची आणि मला विचारायची, "आली होती ना गं हाक? का मीच मारलं त्यांना?"

मला काय माहीत. मी तिथे नव्हते.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. वीज अशी गळायला लागली की ती आपोआप तोडणारा ट्रिपर त्या शेडमध्ये बसवलेला होता. मग त्या दिवशी तो का पडला नाही? गार्डकाकांना विचारलं तर म्हणाले, यंत्रच ते, दगा देतं.

पुढे माझी परीक्षा झाली आणि मी मामीकडे राहायला गेले. तेव्हा गार्डकाका एक बेत घेऊन आले. गाडी अशीच पडून राहिली तर सडेल. हल्ली बागेतल्या गाड्या बॅटरीवर चालतात, रिमोटवर. रुळांत वीजच नको. ट्रान्सफॉर्मर, शेडमधल्या जुन्या वायरी, सगळं काढून फेकू.

मामी म्हणाली, काढा.

रविवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. शेड त्यांनी स्वतःकडे घेतली. मला आत येऊ देईनात, म्हणाले, धुळीने शिंका येतील. मी इंजिन उघडलं. चाकांकडून मोटरकडे येणाऱ्या वायरी कापल्या, मागच्या कोळशाच्या डब्यात बॅटरी बसवली. लिंबाच्या मुळांनी रूळ उचलले होते. तिथली खडी काढून पुन्हा भरली, पातळी लावली, सैल सांधे आवळले.

शेवटी रुळांना मीटर लावला.

शून्य.

जेवणं झाल्यावर पहिली फेरी. गार्डकाकांनी शिट्टी फुंकली, मी रिमोट दाबला. गाडी सुरेख निघाली. पूल झाला, बोगदा झाला...

लिंबाजवळ थांबली.

उचलून पलीकडे ठेवली तर चालली. फेरी मारून आली आणि पुन्हा तिथेच थांबली. मला वाटलं, बॅटरीचा सांधा हलतोय. मी बॅटरी बाहेर काढली, कट्ट्यावर नेली, तपासली. भरलेली होती.

तेवढ्यात शेजारचा पाण्याचा पंप बंद पडला. पाखरंही गप्प झाली.

आणि माझ्या पाठीमागे... चाकांचा आवाज.

मी वळले. इंजिन चाललं होतं.

बॅटरी माझ्या हातात होती.

उतार असेल, हा माझा पहिला विचार. पण तिथे चढ होता. सकाळी पातळी लावून तो मीच मोजला होता.

इंजिन सावकाश चढलं, वळलं आणि गार्डकाकांच्या बुटांपाशी येऊन उभं राहिलं. ते ओशाळल्यासारखे हसले. "चावी दिलीस की काय गं?" म्हणत ते उचलायला वाकले. तोल सांभाळायला एक हात रुळावर टेकला...

हात तिथेच राहिला.

"काढ गं. हात निघत नाहीये."

मला ती थट्टा वाटली. मग त्यांचा चेहरा पाहिला. मी रुळांना मीटर लावला. शून्य. मूर्खपणा होता, पण मी माझी बोटंही लावली. नुसतं गार पितळ.

आणि त्यांच्या तळव्याखालून करपल्याचा वास येत होता.

ते माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीकडे बघत होते. खिडकीत मामी उभी होती.

"वहिनी, मी केलं ते," ते म्हणाले. "दमट हवेत ट्रिपर सारखा पडायचा. गाडी मध्येच थांबायची. म्हणून मी ट्रिपरला वगळून बाजूने वायर टाकली, त्याला न सांगता. त्याला शॉक बसला तेव्हा मी आधी शेडमध्ये पळालो. वायर काढली, मग तुम्हाला बोलावलं."

मामीचे विसळणारे हात थांबले.

"त्याने हाक मारली होती, वहिनी. मी ऐकली होती."

संपलं, असं मला वाटलं. गोष्टींमध्ये गुन्हा कबूल केला की सुटका होते.

हात सुटला नाही.

लिंबाचं एक पानही हलत नव्हतं. आणि त्या झाडाखालून...

"अगं, चालू कर."

मामाचा आवाज. शेवटच्या अक्षरावर थोडा बसणारा, त्याचाच. मी ऐकला. गार्डकाकांनी ऐकला, कारण त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

मामीने तर ऐकलाच.

आता नीट लक्षात घ्या. खिडकीशेजारच्या त्या बटणाला काहीच जोडलेलं नव्हतं. त्याची वायर गार्डकाकांनी स्वतःच्या हाताने सकाळी तोडली होती.

मामीने त्यांच्याकडे पाहिलं. घाई केली नाही. आणि कोपराने बटण दाबलं.

ते ओरडले नाहीत. ओरडताच येत नव्हतं. पाठीची कमान झाली, टाचा खडीत रुतल्या, तोंड उघडंच राहिलं. माझ्या हातातला मीटर अजून रुळांना लावलेला होता.

शून्य.

"मामी, बंद कर!"

तिने केलं. पण सावकाश.

हात सुटला. तळव्यावर आडवी काळी रेघ होती, रुळाच्या माथ्याएवढी रुंद.

संध्याकाळी गार्डकाकांनी दादाला स्वतः फोन केला आणि सगळं सांगितलं. दादा रात्रीच्या गाडीने निघून आला आणि उंबऱ्यातच आईच्या पायांशी बसला. मामी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. मी त्या बटणाचं झाकण उघडून पाहिलं. आत तुटक्या वायरीचं टोक, बाकी काही नाही.

आता मामा शांत झाला असेल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

पुढच्या रविवारी बागेचं फाटक वाजलं.

गार्डकाका. हाताला पट्टी. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते रुळांवरची पानं वेचायला लागले, सांधे आवळायला लागले. मी जवळ जाऊन विचारलं, कशाला आलात?

"घरात पाय टेकवता येत नाही गं," ते हळूच म्हणाले. "फरशीवर जिथे पाऊल ठेवीन तिथे... रूळ लागतो पायाला. इथे येऊन एकदा सोसलं, की मग काही दिवस निजता येतं."

तेव्हापासून ते दर रविवारी येतात. रूळ आरशासारखे ठेवले आहेत त्यांनी. मामाच्या काळातही इतके स्वच्छ नव्हते. सगळं झालं की लिंबाजवळ गुडघ्यावर बसतात, हात रुळावर ठेवतात आणि वाट बघतात.

मामी खिडकीत असते. हल्ली ती छान दिसते. जेवते, झोपते, दादाशी फोनवर तासन्‌तास बोलते.

मी एकदा तिला म्हटलं, मामी, पुरे झालं आता.

"मी काय करते?" ती म्हणाली. "हाक ते मारतात. मी फक्त चालू करते."

मागच्या रविवारी मी मुद्दाम तिच्या शेजारी उभी राहिले. बाहेर गार्डकाका गुडघ्यावर बसले होते. मामीने मान किंचित तिरकी केली.

"ऐकलंस?"

मी श्वास रोखून धरला. शेजारचा पंप चालू होता. पाखरं ओरडत होती. दुसरा कसलाही आवाज नव्हता. मी पुन्हा ऐकलं. काहीच नाही.

"नाही, मामी."

ती हसली. "आली बघ हाक," म्हणाली, आणि कोपर उचललं.

खाली लिंबापाशी त्यांच्या पाठीची कमान झाली...

मामाची मला आता भीती वाटत नाही. फक्त रविवारी मी त्या खिडकीपाशी जात नाही.