खिळ्यावरचं पेडल

चावी मिळेल. माझ्या खिशातच आहे, पळून नाही जात. आधी बसा. तू त्या टायरवर बस. ताई, तू स्टूल घे. आणि भाच्या, तू असा समोर ये, मला तुझं तोंड दिसू दे. तुमच्या मैत्रिणीला स्टँडवरून आणायचंय ना? तिची बस यायला अजून वेळ आहे. शटर अर्धं ओढून घ्या, वारं येतंय.

घाबरू नका, लेक्चर देणार नाही. बेल्ट लावा, हळू चालवा, फोनला हात लावू नका... हे ऐकून ऐकून तुमचे कान किटलेत, मला माहितेय. मी एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या चष्मेवाल्याची. बाजारात दुकान आहे ना, तो. ताई, तुझ्या नाकावर आहे तो चष्मासुद्धा त्याचाच. खोटं वाटलं तर उद्या जाऊन विचारा. तो काही सांगायचा नाही म्हणा, पण विचारा.

गाडी होती ड्रायव्हिंग मास्तरांची, शिकवणीची. अशा गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी पण एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की मास्तर आपल्या बाजूनं दाबतात आणि गाडी थांबते. आमचे मास्तर ताडमाड उंच, म्हणून शेजारची सीट कायम पार मागे सरकवलेली. तोंडात पेपरमिंटची गोळी. ओरडायचे नाहीत कधी. कुणाचं लक्ष उडालं की बोटातल्या अंगठीनं डॅशबोर्डवर दोनदा वाजवायचे. टक टक. मीही त्यांच्याकडेच शिकलो, ती टक टक अजून माझ्या कानात आहे.

मास्तर गेले ते त्याच सीटवर, शिकवता शिकवता. स्टिअरिंगवर एक कॉलेजची मुलगी होती, नवखी. मास्तरांची मान पडली, आणि गाडी कडेला अलगद थांबली. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. लोक धावले. मास्तरांचा जीव गेला होता, पण पाय ब्रेकवर होता. तो उचलायला दोघं लागले. त्यातला एक मी.

पुढे मास्तरांच्या बायकोनं गाडी विकायला काढली. चष्मेवाल्याच्या पोराला अठरा पूर्ण झाली होती, त्यानं घेतली. जादाचं पेडल मीच काढलं. तार काढली, भोक बंद केलं, वरून रबरी मॅट टाकली. पेडल भंगारात द्यायला काही हात धजेना, म्हणून त्या खिळ्याला अडकवलं. ते बघा, तिथे वर. बघायचं. हात नाही लावायचा.

तर चष्मेवाल्यानं चावी द्यायच्या आधी पोराला समोर बसवलं आणि झाडून सगळं सांगितलं. वेग, बेल्ट, फोन. झोप आली तर गाडी बाजूला घे. आणि पहिले सहा महिने शेजारी मित्र बसवायचा नाही, मस्ती सुचते. बोलला ते सगळं बरोबर. पण हा गृहस्थ स्वतः कसा चालवतो? एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात फोन, गिऱ्हाईकाला काचेचा नंबर सांगतोय! पोरगं लहानपणापासून मागच्या सीटवर बसून हेच बघत आलेलं. ते म्हणालं, "बाबा, तुम्ही पण फोन घेता की." झालं, साहेबांचं डोकं सणकलं. "मला वीस वर्षांचा सराव आहे, तू माझी बरोबरी करू नकोस!"

आठ दिवस बरे गेले. मग एका सकाळी चष्मेवाला गाडीत बसला, तर शेजारची सीट पार मागे. आणि आत पेपरमिंटचा वास. त्याच्या मनात पाल चुकचुकली. कोणीतरी लांब पायांचा मित्र बसवतोय, आणि सिगारेटचा वास लपवायला गोळ्या खातायत. पोराला विचारलं. पोरगं म्हणालं, "शपथ बाबा, मी एकटाच असतो. मला वाटलं तुम्हीच सीट सरकवता." आता बोला! बापाला वाटलं कारटं उलट आपल्यालाच खेळवतंय.

मग यानं काय करावं? सीट पुढे घेतली आणि खाली खडूनं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी बघतो तर सीट रेघेच्या वीतभर मागे. त्यानं घर डोक्यावर घेतलं. पोराच्या दप्तरात हात घाल, शर्टाचा वास घे, मित्रांना फोन कर. वहिनी म्हणाल्या, "अहो, पोटचा पोरगा आहे, चोर नाही." पण संशय एकदा डोक्यात शिरला की माणूस कुणाचं ऐकतो? माझ्याकडे आला, मला म्हणाला, तू वास घे. मी आत डोकं घातलं आणि... मला तो वास ओळखीचा वाटला. पण त्याला काय सांगणार होतो?

शेवटी चावी काढून घेतली पोराकडून. बापलेकांचं बोलणं बंद.

मागच्या वर्षीचा नोव्हेंबर. दुसरा शनिवार. पोरगं मित्राकडे अभ्यासाला गेलेलं, पायी. साडेदहा वाजून गेले तरी पत्ता नाही. वहिनी दारात उभ्या. चष्मेवाल्याला काळजी नव्हती, राग होता. म्हणाला, अभ्यास कसला, कुणाच्या तरी गाडीवर उंडारत असणार, आज रंगेहाथ पकडतो. अकराला दहा कमी असताना गाडी काढली.

लाकडाच्या वखारीमागून जो रस्ता जातो ना, तो. एका बाजूला वखारीची लांब भिंत, दुसऱ्या बाजूला झाडं. त्या रात्री दिवे गेलेले. पुढे भिंत संपते तिथे एकदम वळण आहे.

गाडी वेगात होती. रागात पाय जड होतो. त्यात यानं फोन काढला आणि पोराला लावला.

रिंग वाजतेय. उचलत नाही.

टक टक.

त्याला वाटलं, डॅशबोर्डचा एखादा स्क्रू ढिला झालाय. उद्या मला शिव्या घालायच्या असं मनाशी ठरवलं त्यानं. पुन्हा नंबर दाबला. नजर खाली, स्क्रीनवर.

टक टक.

आता जवळून. आणि गाडीत वास... पेपरमिंटचा.

त्यानं शेजारी बघितलं. कोणी नाही. सीट मात्र पार मागे. निघताना ती पुढे होती, त्याला पक्कं आठवत होतं.

वळण आलं... नजर अजून त्या सीटवर... पाय तसाच, ॲक्सिलरेटरवर...

आणि ब्रेक लागला.

असा लागला की त्याची छाती बेल्टवर आपटली. फोन हातातून उडाला, कुठे गेला कळलं नाही. गाडी बंद.

सगळं शांत.

मग... रिंग ऐकू आली. त्याच्या फोनची नाही. बाहेरून. अगदी पुढून... बंपरच्या जवळून.

त्यानं मान वर केली. हेडलाइटच्या उजेडात पोरगा. रस्त्याच्या मधोमध. एका हातात फोन, त्यावर "बाबा" लिहिलेलं. दुसरा हात बॉनेटवर टेकलेला. गुडघा आणि बंपर यांच्यात वीतभर जागा.

वळणावर रस्ता ओलांडताना त्याचा फोन वाजला. तो खिशातून काढून बघायला पोरगं तिथेच थांबलं. उचलावा की नको, रुसवा होता ना बापावर. बापानं फोन केला नसता तर ते पलीकडे पोचलं असतं.

चष्मेवाला उतरला आणि पोराला मिठी मारून ढसाढसा रडला. मला हे पोरानं सांगितलं, बाप सांगत नाही. पोरगं म्हणत होतं, "बाबा, बरं झालं तुम्ही वेळेवर ब्रेक मारलात." आणि बाप नुसती मान हलवत होता. नाही... नाही...

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत माझ्या दारात हजर. डोळे तांबारलेले. मला म्हणतो, "खरं सांग. ते पेडल तू काढलं होतंस की पैसे घेऊन तसंच ठेवलंस?" माझ्या कामावर शंका! मी भडकलो. म्हटलं चल, दाखवतो. गाडीतली मॅट उचलली, बंद केलेलं भोक दाखवलं. मग त्याला इथे आणलं, कुलूप उघडलं. चावी रात्रभर माझ्या उशाखाली होती. म्हटलं, हे बघ तुझं पेडल, महिना झाला, हात लावलेला नाही.

आणि दोघंही जवळ सरकलो.

खिळ्यावर महिनाभर लटकलेली वस्तू, या गॅरेजातली. वरून खालून धुळीचा थर. पण रबरावर... जिथे पाय पडतो तिथे... धूळ नव्हती. स्वच्छ पुसलेली. बुटाच्या चवड्याएवढी जागा.

चष्मेवाल्यानं गाडी मला देऊन टाकली. आता तो पायी जातो दुकानात. पोरावर शंका घेत नाही, पोरगं नोकरीला लागलं. मी गाडीला रंग दिला, पांढरा.

हो, तीच. बाहेर उभी आहे ती. जिची चावी मागायला आलात.

हसू नकोस, भाच्या. ...हसत नाहीयेस? मग तोंड का उतरलं?

त्या दिवसापासून त्या पेडलला मी हात लावलेला नाही. फडकंही नाही. वर्षभराची धूळ बसली होती. आज सकाळी झाडू मारताना सहज वर बघितलं. ताई, तुझ्या फोनचा उजेड टाक तिकडे. दिसलं?

पुन्हा पुसलंय.

मी कुणाला काही विचारत नाहीये. गाडी काल रात्री मला न सांगता कोणी नेली, कुठे नेली, हातात काय होतं... नाही विचारत. एकच सांग, भाच्या. कुठे जोरात ब्रेक लागला होता का?

...

काय? मोठ्यानं बोल.

...तू दाबला नव्हतास.

बरं. पाणी पी. रडू नकोस, मी तुझ्या आईला सांगणार नाही. ही घे चावी. जा, बस आली असेल. तिघांचे फोन इथे टेबलावर ठेवा, परत आलात की घ्या. हळू जा.

आणि तुम्ही दोघं मागे बसा. शेजारची सीट रिकामी राहू द्या.