शंका आली की बंद

त्या दुपारी मी वॉर्डात गेले ती आत्या म्हणून, इंजिनिअर म्हणून नव्हे. वहिनी दिवस भरायच्या दोन महिने आधीच बाळंत झाली होती, आणि भाचीला उबेसाठी ज्या वॉर्मरमध्ये ठेवलं होतं त्याचं सर्किट माझ्या हातचं होतं. दादा भेटेल त्याला हेच सांगत सुटला होता.

माझ्या यंत्राचा नियम सोपा. तापमापक दोन, एक बाळाच्या पोटावर, एक गादीखाली. अबोला धरलेल्या जावांसारखे. एक काय सांगतेय ते दुसरीला कळू द्यायचं नाही. दोघांचे आकडे जुळले नाहीत की शंका, आणि शंका आली की हीटर बंद; आकडे पुन्हा जुळेपर्यंत बटण दाबूनही चालू होणार नाही. बाळ भाजण्यापेक्षा यंत्र बंद पडलेलं बरं. त्यात कुणी लुडबुड करू नये म्हणून तो भाग मी राळ ओतून बुजवून टाकला होता. नर्सबाई म्हणायच्या, "तुमचा कुणावर विश्वासच नाही." खरंच नाही.

नर्सबाईंनी तापमापक सोडवून बाळ वहिनीच्या छातीशी दिलं. तापमापक हवेत लोंबत राहिला. आता हीटर आपोआप बंद व्हायला हवा होता. झाला नाही. दोन्ही आकडे साडेछत्तीस. आणि गादी रिकामी.

"घ्या, माझ्याच कार्ट्यानं माझं नाक कापलं," म्हणत मी बटण बंद केलं.

आकडे उतरू लागले. यंत्र निवतं तसे नाही. अंग गार पडतं तसे.

"वन्सं..." मागून वहिनी म्हणाली. "ही गार पडतेय..."

बाळाचे ओठ निळे झाले होते. मी झटकन बटण दाबलं. आकडे चढले, तसा बाळानं श्वास घेतला. नर्सबाईंनी पुन्हा एकदा बंद करून पाहिलं. पुन्हा तेच.

"राहू दे चालू..." दादा पुटपुटला.

आता भाची घरभर धावते, मला आत्तू म्हणते. वॉर्मर वॉर्डामागच्या खोलीत रिकामाच चालू आहे. वीज गेली तर म्हणून मी बॅटऱ्या लावल्यात. डॉक्टर जागेसाठी कटकट करतात, पण नर्सबाईंनी त्यांना ती दुपार सांगितलीय. बटणाला हात लावत नाहीत.

गेल्या आठवड्यात गादी पुसताना पायथ्याशी गार लागलं. तळहाताएवढी जागा. वर हीटर तापलेला, आणि ती जागा बर्फासारखी. मी गादी बदलली, तरी जागा तिथंच. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

कारण तो गारवा गादीखालच्या तापमापकापर्यंत पोचला, की आकडे जुळणार नाहीत. हीटर बंद होईल, आणि तो परत चालू करणं कुणालाच जमणार नाही, मलासुद्धा. राळ फोडली तर सगळंच बंद पडेल. तशी चोख सोय मीच केलीय.

मी रोज हात टेकवून बघते. जागा वर सरकतेय. आज ती तापमापकाच्या दोन बोटं अलीकडे होती... आणि मी हात टेकवला, तर माझं बोट कुणीतरी इवल्याशा, गार मुठीत घट्ट धरलं.