करिश्मा मागे वळून पाहते

आमचं लग्न ठरलं.

वरचं वाक्य कोणी वाचलं असेल तर त्यांनी कृपया ते विसरावं. काहीही ठरलेलं नाही. श्रावण नावाच्या माणसाला मी ओळखत नाही, चांदूर बाजार कुठल्या दिशेला आहे हे मला माहीत नाही, आणि माझ्या हातांना जवसाचा वास येतो तो निव्वळ योगायोग आहे. माझे बाबा केशवराव हाती लागेल ते सगळं वाचतात, भज्यांचा कागदसुद्धा, म्हणून ही खबरदारी.

तर हे सगळं सुरू झालं त्या दिवशी मी चांदूर बाजारला होते.

रस्त्यात वरात होती, म्हणून बस अडली होती. माझी छाती धडधडायला लागली तशी मी खाली उतरले. माझी छाती कशानेही धडधडते... फोन वाजला तर वाजला म्हणून, नाही वाजला तर नाही वाजला म्हणून. पिशवीत तैलरंगांच्या ट्यूबा होत्या आणि ते रंग पातळ करायला जवसाच्या तेलाची बाटली. बाटलीचं झाकण सैल आहे हे मला ठाऊक नव्हतं. घोडीला होतं.

पांढरीशुभ्र घोडी नवरदेवासकट बँडवाल्यांना सोडून सरळ माझ्याकडे आली आणि तिने माझ्या पिशवीत तोंड घातलं.

"ताई, बाजूले व्हा," लगाम धरलेला मुलगा म्हणाला.

"मी बाजूलाच आहे. तुमची घोडी रस्ता सोडून आली."

"पिशवीत जवस हाय काय?"

"जवसाचं तेल आहे... चित्रं काढायचं."

"मंग बरोबर. आंगाले चमक यावी म्हणून रोज शिजवलेला जवस चारतो तिले. वासानं येडी होते." मग घोडीच्या मानेवर थाप मारून, "करिश्मा, सोड. ताईले घरी जाऊ दे."

"अरे भाऊ, मुहूर्त चालला ना!" वरून फुलांच्या आतला नवरदेव ओरडला.

मुलगा हसला. त्याच्या एकाच गालावर खळी पडली. दुसरी बहुतेक मागून यायची होती. मी तिथे उभी राहून दुसरीची वाट पाहत राहिले आणि माझी बस निघून गेली.

आता, मला घोडा हवाच होता, हे खरं आहे. अकोल्याच्या जानरावांनी मला त्यांच्या नव्या कृषी केंद्राच्या भिंतीसाठी मोठं तैलचित्र सांगितलं होतं... सात पांढरे घोडे, धावणारे, भरभराटीसाठी. अमरावतीत मी लहान पोरांना चित्रकला शिकवते. पोरं घोडा काढतात तो शेळीसारखा दिसतो, मी काढते तो गाढवासारखा. एवढाच आमच्यातला फरक. त्यामुळे समोर खरा घोडा लागतो.

"मागं समुद्र पाह्यजे," जानराव म्हणाले होते.

"काका, समुद्र पाहून तुमच्याकडे बियाणं कोण घेईल?"

त्यांनी बराच विचार केला. मग समुद्र रद्द होऊन काळी माती, तुरीचं शेत आणि कडेला संत्र्याची बाग मंजूर झाली.

"पन एक," बोट वर करून ते म्हणाले, "एकाही घोड्यानं मागं वळून पाहायचं नाही. धंदा मागं जाते."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

लगाम धरलेल्या त्या मुलाचं, श्रावणचं, शेत संत्र्याच्या बागेला लागून होतं. त्याच्याकडे घोडी एकच, म्हणून मी करिश्मालाच सात वेळा काढायचं ठरवलं, दर रविवारी एकदा. ओलं तैलचित्र बसमध्ये नेता येत नाही, त्यामुळे कॅनव्हास त्याच्या गोठ्यात उंच टांगून ठेवलेला असायचा. उंच अशासाठी, की करिश्मा स्वतःला चाटायला बघायची.

"हिला जरा पळवता का?" पहिल्याच रविवारी मी म्हटलं.

"पळत नाही ते. नाचते."

"घोडी आहे ना?"

"वरातीची हाय, मॅडम. पळाली तं नवरदेव मंडपाच्या पुढं जाईन ना."

ताईवरून मी मॅडमवर आले होते. ही बढती की बदली, हा विचार मी आठवडाभर करत राहिले.

तर माझे घोडे नाचणारे निघाले. तीन पाय धावतात, चौथा ठेका धरतो. बागेतून संत्र्याच्या फुलांचा वास यायचा, श्रावण लगाम धरून उभा असायचा, आणि मी घोडीकडे पाहते आहे असं दाखवून... असो.

"तुम्ही तुमच्या लग्नात करिश्मावरच बसाल?" एकदा मी अगदी सहज विचारलं. सहज विचारायला मला तीन रविवार तयारी करावी लागली होती.

"मी वर बसल्यावर तिले धरन कोन? ते माह्याशिवाय कोणाचं ऐकत नाही." त्याने खांदे उडवले. "म्हणून तं लग्न थांबलं हाय."

"खरंच?"

"मंग? पोरगी भेटते. घोडी धरणारं भेटत नाही."

तो मस्करी करत होता की नाही, ते कळायला दुसरी खळी लागली असती. ती आली नाही.

सहा घोडे झाले. आणि मला झोप येईना.

कारण सातवा झाला की चित्र झालं. चित्र झालं की मी कुठल्या तोंडाने चांदूर बाजारच्या बसमध्ये बसणार? तो 'या' म्हणेल? नुसतं 'बरं' म्हणेल? आणि 'बरं ताई' म्हणाला तर? की ही सगळी ओढ घोडीलाच आहे, तीही माझ्या बाटलीची?

म्हणून मी सातवा घोडा काढायचे आणि निघण्यापूर्वी रंगाच्या सुरीने खरवडून टाकायचे. तैलरंगाचं हे बरं असतं, त्याला वाळायची घाई नसते.

"नाही जमला," मी म्हणायचे.

"नाही जमला," तोही म्हणायचा आणि चिंध्या गोळा करायचा.

खरं तर जमणार कसा? सहा घोडे होईस्तोवर शहाण्यासारखी उभी राहणारी करिश्मा आता एक क्षण स्थिर राहत नव्हती. ब्रश उचलला की नाच सुरू.

"असं का करतेय ही?" मी विचारायचे.

"काय माहीत," श्रावण म्हणायचा. "लग्नसराई हाय. आंगात ऱ्हायते."

आणि मग एका रविवारी बांधावर पांढरी बोलेरो येऊन थांबली. जानराव उतरले.

"उद्या उद्घाटन हाय. चित्र कुठी हाय?"

त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. मग ज्या जागी सातवा असायला हवा होता तिथला पांढरा चिखल पाहिला.

"सहाच?"

"काका, घोडी उभीच राहत नाही..."

"उभी तं हाय!"

मी वळून पाहिलं. करिश्मा पुतळ्यासारखी उभी होती, कान टवकारून, कशाची तरी वाट पाहत. मग मी श्रावणकडे पाहिलं. तो टोपल्यापासून दूर उभा होता. घोडीला पाणी पाजायचं लोखंडी टोपलं. सातवा घोडा सुरू झाल्यापासून तो दर रविवारी लगाम सोडून त्याच्यावर बसायचा आणि बोटांनी चाळा करायचा... टक टकटक, टक टकटक. वरातीचा ठेका, करिश्माला नाचवणारा.

त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले. कानापर्यंत लाल झाला.

म्हणजे... तोही?

"काढा, माह्यासमोर काढा," म्हणत जानराव टोपलं पालथं घालून त्यावर बसले.

मी काढायला घेतलं. ब्रश इतक्या घाईत फिरवला की आयाळ आपोआप उडती निघाली. मान काढायच्या वेळी करिश्माने डोकं फिरवलं आणि मागे श्रावणकडे पाहिलं. ते मला सरळ करता आलं असतं. पण मी जे दिसलं ते काढलं. आणि तिच्या पाहण्यात थोडं माझंही पाहणं मिसळलं.

जानराव उठून जवळ आले. "हे मागं काहून पाहून राहिली?"

"तिचं... काहीतरी मागे राहिलं असेल."

"पुसा."

"नाही पुसत," मी म्हणाले. माझाच आवाज होता, मी दचकले. "इतके रविवार पुसतेच आहे, काका. आता नाही पुसत."

जानरावांनी माझ्याकडे पाहिलं, श्रावणकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं. घोडीने जरा संकोचून मान खाली घातली.

"ठेवा गाडीत," शेवटी ते पुटपुटले. "मी पाह्यतो काय करायचं ते."

बोलेरो गेली. धूळ खाली बसली. आम्ही दोघं अजून उभेच होतो.

"आता काय काढायले येसान?" श्रावणने विचारलं. टोपल्याकडे पाहत.

"काही नाही... म्हणजे, काही काढायला नाही."

"मंग?"

"मग तुम्ही सांगा ना. मी मघाशी पुष्कळ बोलले."

त्याने करिश्माचा लगाम माझ्या हातात दिला. मग मागे न पाहता बांधापर्यंत चालत गेला, टोपलं मांडीवर घेऊन बसला आणि वाजवायला लागला. करिश्माने माझा तळहात हुंगला, जवसाचा वास घेतला, आणि माझ्या मागोमाग नाचत निघाली. मी थांबले की थांबायची. मी वळले की वळायची.

"धरता येते तुले," तो तिकडून ओरडला. आवाज मध्येच फाटला. "आचल... मी वर बसलो तं तू धरशीन काय?"

माझी छाती धडधडत होती. पण या वेळी ती ठेक्यात होती.

"नवरीने घोडी धरलेली कोणी पाहिली आहे का?"

"नाई. म्हणून तं विचारून राहिलो."

आणि तेव्हा... दुसरी खळी आली. होती, म्हणजे!

पुढचं काही सांगता येत नाही. बाबा वाचत असतील. उद्घाटन मात्र थाटात झालं, आणि त्यानंतर मला पुढील अर्ज करणं भाग पडलं आहे.

प्रति,
मा. जानरावजी, कृषी केंद्र, अकोला.

विषय : भिंतीवरील घड्याळ हटवणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आपण सातव्या घोडीच्या तोंडावर भिंतीवरचे घड्याळ टांगले असून त्यामुळे तिला मागे पाहण्यास अडथळा होत आहे. तरी सदर घड्याळ तातडीने अन्यत्र हलवण्यात यावे. ते शक्य नसल्यास, निदान उलटे चालवण्यात यावे, ही नम्र विनंती.