नाव टाकलेला ग्लास

मे महिन्याच्या भर दुपारी महाल भागातल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात चिटपाखरूही नव्हतं, तेव्हा तो आला. कुठलातरी कूलर दुरुस्त करून आला होता. शर्टाला ओल्या वाळ्याचा वास येत होता... आणि हातात एकच स्टीलचा ग्लास. घासून घासून पुसट झालेलं नाव त्याला परत टाकून हवं होतं. प्रशिक.

मी नाव टाकायचं मशीन सुरू केलं. बोलता बोलता कळलं, नंदनवन वस्तीत खोली करून एकटाच राहतो.

"एकटेच राहता, तर ग्लास कोणासोबत बदलते?" मी विचारलं.

तो नुसता हसला. गालाला खळी पडली... आणि उत्तर न देताच गेला. खरं तर मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

मग तो ताट घेऊन आला. नंतर वाटी, नंतर चक्क चमचा. माझं काम चाले तोवर तो माझ्या हाताकडे पाही आणि मी मान वर केली की पंख्याकडे. एव्हाना आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो होतो.

"आता काय आणशील? चिमटा?"

"भांडी संपली," तो म्हणाला. "म्हणून त्या दिवशीचं उत्तर देऊन टाकतो. मले एचआयव्ही आहे, हर्षा. जन्मापासून. आईबाबा गेल्यावर पारशिवनीले काकाकडे वाढलो. माझा ग्लास चुकून कोणी उचलू नये, म्हणून काकूनं त्याच्यावर नाव टाकून घेतलं. आता सवय झाली... काकूवर राग नाही, दर उन्हाळ्यात पहिला कूलर तिचाच दुरुस्त करून देतो."

मशीनची सुई सरकली आणि चमच्यावर एक वाकडी रेघ उमटली. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण उन्हाळा तोंडावर आला की त्याच काकूचा कूलर सगळ्यांत आधी दुरुस्त करून देणारा हा मुलगा मला फार, फार आवडला.

रोजची गोळी तो चुकवत नाही, तपासणीत विषाणू सापडत नाही इतका दबलेला आहे, आणि तो असा दबलेला राहिला तर बायकोला लागण होत नाही, हे सगळं त्याने पंख्याकडे पाहत सांगितलं. 'बायको' या शब्दाला मीही पंख्याकडेच पाहिलं.

"पुढचं तुझ्या घरी जेवल्यावर विचारीन," तो म्हणाला. "आधी आईले सारं सांग. ती नाही म्हणाली... तर विचारणार नाही."

मी सांगितलं. बाबांच्या मागे एकटीने दुकान चालवणारी माझी आई, भीमाबाई, दिवसभर दुकानातली भांडी पुसत राहिली. दुसऱ्या दिवशी दुकान माझ्यावर टाकून सरकारी दवाखान्यात गेली, डॉक्टरांना खोदून खोदून विचारून आली आणि म्हणाली, रविवारी जेवायला बोलाव. चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळेना.

दुकानाच्या वरच आमचं घर. रविवारी प्रशिकने पाटोडी-रस्सा मन लावून खाल्ला, आणि पाणी प्यायला पिशवीतून हळूच आपला ग्लास काढला. मी आईकडे पाहिलं.

"हा काहून आणला गा?" आईने विचारलं.

"सवय हाय, मावशी... आणि तुमाले बरं वाटावं म्हणून."

आईने तो ग्लास उचलला आणि त्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग मांडणीवरचे घरातले सगळे ग्लास आणून माझ्यापुढे ठेवले.

"मशीन आण वं. साऱ्यांवर याचंच नाव टाक. मंग पाहू, आपला ग्लास कसा हुडकते."

प्रशिकने मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा डोळे ओले होते, पण गालावर तीच खळी होती. मी खालून मशीन आणून लावलं. आई भात आणायला आत गेली, आणि जरा जास्तच वेळ आत थांबली.

"हर्षा... आता विचारू?"

"विचार ना. पण मशीनचा आवाज आहे, जोरात विचार."

त्याने विचारलं. माझे ओठ हलायच्या आत स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "हो म्हण वं लवकर, भात थंडा होऊन राहिला."