विमान येईस्तोवर

भिगवण रस्त्यावरचा मोठा स्टुडिओ त्या दिवशी बंद नसता, तर उत्कर्षा माऊलीच्या दुकानात कधीच आली नसती. माऊलीचं दुकान म्हणजे एका औषधाच्या दुकानावरची खोली. लोखंडी जिना, आत पांढरा पडदा, एक स्टूल, दोन दिवे आणि भिंतीवर लोक न्यायला विसरले ते लग्नाचे फोटो. बाहेर आभाळ दाटून आलं होतं, पावसाचा मात्र पत्ता नव्हता. आमच्या बारामतीचं आभाळ असंच आहे, तोंड पाडून बसतं आणि बोलत काहीच नाही.

ती धापा टाकत वर आली. "दादा, पासपोर्ट साइज. पांढरं बॅकग्राउंड. आणि दात दिसले पाहिजेत."

माऊलीनं मान वर केली. फोटो काढताना लोक हसू दाबायला धडपडतात, आणि ही पोरगी चक्क दात दाखवायचं म्हणते!

"दात? दवाखान्यात द्यायचाय का फोटू?"

"विमान कंपनीत. मी हवाई सुंदरी—" ती स्वतःच लाजली. "म्हणजे केबिन क्रू म्हणतात आता."

"बसा मग. हनुवटी जरा खाली... आजून थोडी. आता हसा."

ती हसली. माऊलीनं कॅमेऱ्यातून बघितलं आणि डोकं बाहेर काढलं.

"हे हसणं झालं व्हय? दाढ ठणकतीय तसं दिसतंय."

"असं टक लावून बघितल्यावर हसू कसं येईल, दादा?"

"बघितल्याबिगर फोटू कसा निघंल? आन एक सांगू का... ते दादा म्हणायचं तेवढं बंद करा. हात थरथरतोय माझा."

तिला हसू फुटलं. अगदी खळखळून, डोळे बारीक होईपर्यंत. माऊलीनं बटण दाबलं. फोटो सुरेख आला, आणि फोटोग्राफरची त्या दिवशी जी वाट लागली ती लागलीच.

पोरगी होती कळसची, इंदापूर तालुक्यातली. वडील मानसिंगराव, तिचे तात्या, ऊसवाले, साखर कारखान्याचे सभासद. आई नव्हती. पुण्यात शिकताना तिनं मुलाखत दिली होती आणि निवड झाली होती, तीही साध्यासुध्या विमानावर नाही. कंपनीनं परदेशातल्या कारखान्याकडे नव्या, भल्यामोठ्या विमानांची ऑर्डर दिली होती. सातासमुद्रापार न थांबता जाणारं विमान! त्यातल्या पहिल्याच विमानासाठी जो चमू निवडला होता, त्यात उत्कर्षा होती. हैदराबादला प्रशिक्षण झालं, गणवेशाचं माप झालं. आता फक्त विमान यायचं होतं.

"त्याचे पंख एवढे लांब आहेत की विमानतळावर मावत नाहीत," फोटो कापून होईपर्यंत ती सांगत होती. तिनं दोन्ही हात पसरले आणि बोटं वरच्या बाजूला वळवली. "म्हणून उतरल्यावर टोकं अशी दुमडतात."

माऊली त्या बोटांकडे बघत राहिला. लोणी भापकरचा साधा पोरगा, विमान त्यानं बघितलं होतं ते एमआयडीसीकडच्या धावपट्टीवर घिरट्या घालणारं शिकाऊ पोरांचं. "म्हंजी गर्दीत शिरताना आपण कोपरं आत घेतो तसं," तो म्हणाला. ती पुन्हा हसली, आणि ते हसू कॅमेऱ्यात घ्यायचं राहून गेलं.

विमान काही आलं नाही. आधी म्हणे दिवाळीला येणार होतं. मग चाचणीत इंजिनाचा कसला भाग तडकला. तो बदलला, तर कारखान्यातल्या कामगारांनी संप केला. संप मिटला, तर विमानात बसवायच्या खुर्च्याच तयार नव्हत्या. दर वेळी कंपनी दिलगिरी कळवायची आणि कागदपत्रं नव्यानं मागायची. वैद्यकीय तपासणी नवी, फोटोही नवा, कारण सहा महिन्यांहून जुना फोटो त्यांना चालत नव्हता. विमान लांबलं की उत्कर्षा लोखंडी जिना चढून वर यायची.

माऊलीला याचं वाईट वाटायला हवं होतं, पण झाला आनंद. मग त्या आनंदाची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटूनही आनंद काही गेला नाही. रात्री मोबाइलवर तो विमानांच्या बातम्या शोधायचा आणि 'विलंब' हा शब्द दिसला की निवांत झोपायचा. प्रेमात माणूस एवढा हलका होतो, काय करता!

फोटोच्या निमित्तानं चहा झाला, चहाच्या निमित्तानं उसाचा रस झाला, आणि एका हिवाळ्यात दोघं भिगवणला रोहित पक्षी बघायला गेले. उजनीच्या पाण्यावर धुकं होतं. पक्षी आधी पाण्यावरून धावायचे, लटपटायचे आणि मग एकदम वर उचलले जायचे.

"ह्यांना बरंय," ती म्हणाली. "यांना कुणाच्या फोनची वाट बघावी लागत नाही."

"जायची एवढी घाई झालीय व्हय?"

"घाई नाही रे..." ती थांबली. 'तुम्ही'चं 'तू' झाल्याचं दोघांच्याही लक्षात आलं. "गावात रोज कुणीतरी विचारतं, आलं का गं विमान? जसं काही मी ते दारात लावणार आहे."

तिच्या कपाळावरची बट वाऱ्यानं डोळ्यांत येत होती. ती बाजूला करावी असं माऊलीला फार वाटलं. त्यानं हात खिशातच ठेवला.

पुढच्या वेळी मानसिंगराव लेकीबरोबर आले. त्यांनाही कारखान्याच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. टोपी सारखी करत ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "ह्या विमानाचं मला काय बी नवल वाटत न्हाय बघा. कारखान्याकडं उसाची नोंद केली म्हंजी तोड आली का? तुरं फुटत्यात, उंदरं खात्यात, वजन घटतं, तरी तोडणाऱ्या टोळीचा पत्ता न्हाय. तसंच हाय ह्ये." मग लेकीकडे न बघता बोलले, "फकस्त ऊस रानात हुबा ऱ्हातो, त्याला कोण काय बोलत न्हाय. पोरगी घरात बसली की लोकं इचारत्यात."

उत्कर्षा भिंतीवरच्या फोटोंकडे बघत राहिली. तिची पाळी आली तेव्हा ती हसली, दातही दिसले. पण माऊलीला ते हसू पाहवेना. संगणकावर त्यानं तिच्या ओठांचे कोपरे हळूच, केसभर वर उचलले. तिनं फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघितला.

"इतकी वाईट दिसत होते का रे मी?"

त्या दिवशी ती चहाला थांबली नाही.

विमान पुन्हा पुढं ढकललं गेलं, आणि मानसिंगरावांनी जाहीर केलं की या हंगामात ऊस गेला की पोरीचं लग्न करायचं. ही गोष्ट माऊलीच्या चुलत्यांच्या, दादासोंच्या कानावर गेली. दादासोंनी पुतण्याचं मन आधीच ओळखलं होतं. ते सरळ कळसला जाऊन बसले. माणसं चांगली, पोरगा धंद्याला लागलेला. चहा झाला, बोलणी झाली आणि सुपारी फुटली. मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चालेल."

चालेल! माऊलीला जगातलं सगळं सुख मिळालं होतं आणि हा एक शब्द त्यात खड्यासारखा दाताखाली येत होता. बसमध्ये जागा नसली की उभं राहायला माणूस म्हणतो, चालेल. ती आपल्याला हो म्हणाली, की वाट बघून बघून थकली आणि मिळेल तिथं टेकली? विचारायची हिंमत त्याला झाली नाही. लग्नाचा बस्ता बांधायला दोन्ही घरची माणसं बारामतीत आली, तिनं पिवळी साडी पसंत केली, सगळ्यांशी गोड बोलली. विमानाचं नाव मात्र तिनं काढलं नाही, आणि मोबाइलवरच्या बातम्या आता माऊलीही बघेनासा झाला.

मग तोड आली. मानसिंगरावांच्या रानात टोळी उतरली, ट्रॉल्या भरून कारखान्याकडं निघाल्या. रान मोकळं झालं त्याच आठवड्यात, अशाच एका आभाळ आलेल्या दुपारी, उत्कर्षा एकटीच जिना चढून आली. वर आली आणि दारातच उभी राहिली.

"कंपनीचा फोन आला होता," ती म्हणाली. "विमान निघालंय तिकडून. सोमवारी दिल्लीला हजर व्हायचंय."

माऊली लेन्स पुसत होता, ती तो पुसतच राहिला. "आन लगीन?"

"लग्न झालेली मुलगी त्यांना चालत नाही. आणि पहिली तीन वर्षं करायचंही नाही, तसा करारच आहे." ती घाईघाईनं बोलत होती, जसं काही थांबली तर पुढचं बोलताच येणार नाही. "तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, सुपारी दोन घरांची हाय, पावन्याला इचार. तो नको म्हणला तर जायचं न्हाय." ती एक पाऊल आत आली. "तू नको म्हण. मी आत्ताच्या आत्ता फोन करून सांगते, येत नाही म्हणून. पुन्हा कधी नाव काढणार नाही. शप्पथ."

ती खरंच पाळेल, हे माऊलीला ठाऊक होतं. एक शब्द बोलायचा होता. नको! एवढाच शब्द, आणि ती पिवळी साडी नेसून लोणीच्या घरात आली असती. भाकरी केली असती, हसली असती, आणि गावावरून विमान गेलं की घरातली सगळी माणसं वर बघत असताना ती एकटी खाली बघत राहिली असती. जन्मभर. माऊलीला ते सगळं इतकं स्वच्छ दिसलं की त्याला तिथं बसवेना.

त्यानं उठून दिवे लावले. "फोटू लागंल ना नवा? बस."

"माऊली..."

"बस म्हणतो ना."

ती स्टुलावर बसली. त्यानं हनुवटी खाली घ्यायला सांगितलं, तिनं घेतली. त्यानं हसायला सांगितलं. तिचे ओठ हलले आणि तिथंच थांबले.

"येत नाही रे."

त्यानं नाना प्रकार करून बघितले. दादासोंची नक्कल केली, मानसिंगराव टोपी कशी सारखी करतात ते करून दाखवलं. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून यायला लागले. मग माऊलीनं कॅमेऱ्याआड तोंड लपवलं आणि तिथूनच, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगून टाकलं,

"उत्कर्षा... मला तू लय आवडतीस. तू मला दादा म्हणलीस ना, तवापासनं. सांगायचं ऱ्हायलं. सुपारी फुटली, बस्ता बांधला, पण ह्ये कुणी मला इचारलंच न्हाय."

ती हसली. भरल्या डोळ्यांनी, दात दिसेपर्यंत, पहिल्या दिवशी हसली होती त्याहूनही सुंदर. माऊलीनं बटण दाबलं. आपल्याच बोटानं आपण तिला पाठवून दिलं, ते त्याला दाबतानाच कळलं होतं.

"गाढवा!" ती रडत हसत म्हणाली. "हे आज सांगतोस?"

"तू तरी कुठं सांगितलंस? चालेल म्हणलीस."

"मग काय तात्यांसमोर गळ्यात पडायला हवं होतं? घरात जाऊन नाचले होते मी. कुशाबाई आत्या होती तिथं, तिला विचार."

माऊली कॅमेऱ्याआडून बाहेर आला, संगणकावरून फोटो छापायला लावला आणि दिव्याच्या दांड्याला धरून उभा राहिला. इतके दिवस ज्याची धास्ती होती ते खोटं निघालं होतं. थकून नाही, ती मनापासून हो म्हणाली होती. आणि हे कळायला त्याला नेमका हाच दिवस मिळाला.

उत्कर्षा उठून जवळ आली. "तीन वर्षं म्हणजे काही फार नाहीत. थांबशील ना रे माझ्यासाठी?"

हो म्हणायला त्याचं तोंड उघडलंसुद्धा होतं. पण संगणकावर तिचे सगळे फोटो एका ओळीत दिसत होते. वाट बघणं माणसाच्या चेहऱ्याचं काय करतं, ते त्यानंच तर एकेक करून टिपलं होतं. आपण थांबलोय म्हटलं, की ही तिकडं सातासमुद्रावर आणि जीव सगळा इथं. करार वाढला, सुट्टी नाकारली की रडणार. कुणी विचारलं की झुरणार. गेल्यावरही तिनं वाटच बघत राहायची.

"न्हाय," तो म्हणाला.

तिला वाटलं तो चेष्टा करतोय. मग तिनं त्याचा चेहरा बघितला.

"का?"

"मला न्हाय जमायचं. दादासोंना कोण थांबवंल? दुसरी पोरगी बघतील, मी करीन. तू मागं बघू नगं."

खाली रस्त्यावर उसाची शेवटची ट्रॉली कर्णा वाजवत गेली.

"खोटं बोलतोयस तू," ती म्हणाली.

"व्हय," माऊली म्हणाला. "पण तू ते खरं धर."

तिनं त्याच्या गालावर हात ठेवला. हात गार होता. मग छापून आलेले फोटो उचलले, पर्समध्ये ठेवले आणि जिना उतरून गेली. माऊलीनं खिडकीतून बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलंच. तिनं मात्र मागं बघितलं नाही. सांगितलेलं ती पाळायची.

संध्याकाळी लोणीला जाऊन त्यानं दादासोंना सांगितलं की लग्न आपण मोडलं, पोरीकडून काही नाही, तिला कुणी बोल लावायचा नाही. दादासो ओसरीवरून ताडकन उठले. असली सोन्यासारखी पोरगी, सुपारी फुटलेली, बस्ता बांधलेला, चार गावांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस म्हणाले.

"चुकलं माझं," माऊली म्हणाला, आणि मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.