चारच्या विमानाआधी

"अगं ए, पंख्याकडून नको! शेपटीकडून जा!"

मार्फाने त्या गावात पहिलं पाऊल टाकलं आणि लगेच कुणीतरी तिच्यावर ओरडलं. सहा जणांचं इवलंसं विमान नदीकाठच्या खडीवर उतरलं होतं. तिला दंडाला धरून बाजूला ओढणारा तो मुलगा मात्र... रागावलेला कमी आणि हसणारा जास्त. भुरभुर पावसाने केस भिजलेले, कानामागे पेन्सिल.

"थांबलाय की पंखा," ती म्हणाली.

"थांबलेल्याचाही भरवसा धरायचा नसतो. बेथेल शहरातल्या मुलींना शिकवत नाहीत वाटतं?"

"बेथेलची आहे हे कशावरून?"

"असले पांढरेशुभ्र बूट घालून इथल्या चिखलात दुसरं कोण येणार?"

मार्फाला राग यायला हवा होता, पण आलं हसू. यजमानांकडून न्यायला आलेल्या शेजाऱ्याच्या उघड्या गाडीवर दोघांचीच जागा होती, म्हणून आईबाबा पुढे गेले आणि खोक्यांपाशी ती एकटी राहिली. "टपाल उतरवून होऊ दे, मग मी सोडतो तुला," तो म्हणाला. झाकार त्याचं नाव. येईल त्या विमानातून माल आणि माणसं उतरवायची, जाईल त्यात चढवायची, हे त्याचं काम.

काम कसलं, सगळं लक्ष हिच्याकडे! एकच पोतं त्याने दोनदा उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. मग खिशातून धुरावलेल्या माशाची पट्टी काढली, अर्धी तोडून तिला दिली. बोटांना बोटं लागली... आणि दोघंही उगाच आभाळाकडे बघायला लागली.

"किती दिवस आहेस?"

"चार वाजेपर्यंत."

"मी दिवस विचारले."

"बाबांना उद्या कामावर जायचंय."

"मग धुकं पडू दे," तो म्हणाला. "चांगलं आठवडाभराचं."

"तुझं विमान अडकेल ना, वेड्या!"

"अडकू दे. मला आवडेल."

वीस वर्षांत असं कुणी तिला म्हटलं नव्हतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपल्याला हा आवडलाय, हे तिला तिथेच, त्या खोक्यावर बसल्या बसल्या कळून चुकलं.

गाडीवर बसताना त्याने विचारलं, "कुणाकडे सोडू?"

"चर्चच्या मागचं निळं घर. मात्रोनाआजी."

"आमच्याच घरी!" तो ओरडलाच. मग एकदम घाबरून मागे वळला. "देवा... तू माझी मामेबहीण-बिहीण तर नाहीस ना?"

"नाही रे बाबा! रक्ताचं काही नातं नाही."

"सुटलो!"

गाडी चिखल उडवत निघाली. मार्फाने त्याचा कोट घट्ट धरला होता. पडायची भीती होती म्हणून नव्हे, हे त्यालाही ठाऊक असावं.

"आजीचे वडील आहेत ना अजून?" तिने विचारलं. "फोनवर सारखं त्यांचंच. 'माझे बाबा विमानावर जातात, माझे बाबा जेवतच नाहीत.' मला तर काळजी वाटायची, एवढ्या म्हाताऱ्याला कशाला राबवतात!"

झाकार खो खो हसला. "अगं, ते बाबा म्हणजे मी! पणजोबा गेले आणि मी झालो. त्यांचं नाव मला दिलं, मग आजीचा बापच की मी! गोड खाल्लं की अजून भांडते, 'बाबा, तुमचे दात!'"

मार्फाही पोट धरून हसली. हसता हसता त्याने विचारलं, "आणि तू? तू कुणाचं नाव घेऊन आलीस आमच्याकडे?"

"मार्फा हे चर्चमधलं. आपल्यातलं नाव आर्नाक."

गाडी थांबली.

"आजीची मुलगी होती ना," मार्फा सांगत राहिली. "ती गेल्यावर दोन महिन्यांनी मी जन्मले. तिचा भाऊ बाबांबरोबर मासेमारीला असायचा, त्यानेच नाव दिलं..." आणि मग तिला त्याची पाठ दिसली. ती पाठ थरथरत होती.

तो वळला. मघाचा मुलगा त्या चेहऱ्यावर उरलाच नव्हता. दोन वर्षांचं एक पोरकं पोर तिच्याकडे टक लावून बघत होतं.

"आई?" तो म्हणाला.

आजीच्या फोनमधले 'बाबा' म्हणजे आर्नाकचाच मुलगा, हे मार्फाला आत्ता कळलं. नाही म्हण, तिचं मन ओरडत होतं, आत्ताच्या आत्ता नाही म्हण! पण नावाला नाही म्हणायची रीत तिला कुणी शिकवलीच नव्हती. मेलेलं माणूस नावातून परत येतं, एवढंच ती लहानपणापासून ऐकत आली होती. त्याच्या कोटावरची तिची पकड सुटली.

घरी मात्रोनाआजीने "लेकी, लेकी" करत तिला छातीशी धरलं. "त्याला मुद्दामच सांगितलं नव्हतं," आजी डोळे पुसत म्हणाली. "तीनदा तुम्ही येणार होता, तीनदा हवा बिघडली. तिन्ही वेळा हा खडीवर अंधार पडेस्तोवर उभा. म्हटलं, या वेळी आधी काही बोलूच नये."

मग सगळं आर्नाकच्या आवडीचं. चरबीत घोटलेली रानफळं, सीलचं तेल, नवाकोरा फुलाफुलांचा झगा. तो झगा मार्फाला बेतून शिवल्यासारखा बसला, आणि तिला तो फाडून टाकावासा वाटला. झाकार तिच्या पायाशी बसून होता. तिला पाणी देत होता, मासा सोलून देत होता, पहिली शिकार कशी केली ते सांगत होता. किती प्रेमाने बघत होता! पण ते प्रेम तिचं नव्हतं. सकाळी पांढऱ्या बुटांना हसला होता तो मुलगा तिला हवा होता... आणि तो कुठेच नव्हता.

बाबा मजेत होते. "काय मार्फा, आयता वाढवलेला मुलगा मिळाला तुला!"

सगळे हसले. तीही हसली.

पावणेचारला आईबाबा विमानात चढले. शेपटीजवळ दोघंच उरली. आभाळ लख्ख मोकळं होतं. धुक्याचा मागमूस नव्हता.

"एकदा मार्फा म्हण," ती म्हणाली. "एकदाच."

तो खडीकडे बघत राहिला.

"झाकार, रक्ताचं काही नाही रे आपल्यात. कोण अडवणार आहे?"

"कुणी नाही," तो हळूच म्हणाला. "मीच अडलोय. सकाळी मला... तुलाही कळलं होतं, काय झालं होतं मला ते. अजूनही होतंय. पण तो शब्द मी कळायला लागल्यापासून कुणाला म्हटला नव्हता. आज दिवसभर म्हणालो. आता तुला दुसरं काही म्हणायला गेलो, तर ती पुन्हा मरेल." त्याने डोळे वर केले. "पण तू नको म्हणालीस, तर नाही म्हणणार. तू सांग."

सगळं तिच्यावरच येऊन पडलं. एक शब्द, की हा मुलगा तिचा. आणि आईविना, पुन्हा.

मार्फाने हात पुढे केला. त्याच्या गालाला लावायचा होता तो हात, तिने त्याच्या डोक्यावर ठेवला.

"वेळेवर जेवत जा, बाळा," ती म्हणाली. "आजीला काळजी लागते."

त्याने लहान मुलासारखी मान हलवली. रडत होता, आणि इतका सुखी दिसत होता की तिला बघवेना.

विमान वर उठलं. निळं घर, चर्च, नदी, सगळं खाली सरकत गेलं. मार्फाने कपाळ काचेला टेकवलं आणि तिला हुंदका आवरेना.

आई मागून वाकली. "काय झालं गं?"

"काही नाही," मार्फा म्हणाली. "मुलाला सोडून आले ना."

आईने समाधानाने तिच्या पाठीवरून हात फिरवला.