वीतभर देश

"अजून एकदा लाव ना!"

"सतरांदा लावला! तेच ते! संपर्क क्षेत्राबाहेर!" टिकलीनं फोन गादीवर आपटला आणि तोंड फिरवलं. रडताना कुणी बघितलेलं तिला मुळीच खपत नसे.

टिकलीची आई लॉरी चालवायची. काल पहाटे ती औषधांची खोकी घेऊन सीमेपलीकडच्या देशात गेली होती. रस्ता नुकताच उघडलेला, त्यावरून जाणारी कंपनीची ही पहिलीच लॉरी. काल संध्याकाळी ती त्या देशाच्या पलीकडच्या टोकाला पोहोचायला हवी होती. आज दुपार झाली, तरी ना लॉरीचा पत्ता, ना आईचा!

सुट्टीत राहायला आलेली मामाची दोन मुलं टिकलीच्या दोन बाजूंना बसली होती. थोरला चष्मेवाला प्रोफेसर, आणि धाकटा चिल्लर, वय वर्षं सहा, तोंड दिवसभर चालू.

"घाईसाहेब काय म्हणाले?" प्रोफेसरनं विचारलं.

घाईसाहेब म्हणजे कंपनीचे मॅनेजर. त्यांना सगळ्याचीच घाई. डब्याचं झाकणसुद्धा ते पुरतं लावत नसत!

"ते म्हणाले, वीतभर तर देश आहे, जाणार कुठं! नकाशावर माझ्यासमोर वीत ठेवली त्यांनी. आपला देश एक वीत, तोही एक वीत. तिकडच्या पोलिसांना सांगितलंय म्हणे, शेवटच्या शहराच्या आसपास शोधा. आणि डिझेल संपलं असेल तर चालत जाईल, पावलोपावली गावं असतात!"

एवढं बोलून टिकलीनं आईच्या कागदांचा डबा उघडला. आईचा एक पासपोर्टचा फोटो उरला होता, तो तिनं मुठीत धरला. आईसोबत फक्त दोन बाटल्या पाणी, वर रणरणतं ऊन. आई कुठं असेल?

चिल्लरनं त्याच डब्यात हात घातला आणि तो आनंदानं ओरडला, "हा बघ मी! तान्हा असतानाचा! टिकलीताई, मी तेव्हा आत्याएवढाच होतो!"

"गप रे!" प्रोफेसर खेकसला. "पासपोर्टचे फोटो सगळ्यांचे एकाच मापाचे असतात. तान्हं बाळ असो, नाहीतर पैलवान!"

टिकलीनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. आईचं तोंड आणि चिल्लरचं तोंड, दोन्ही अगदी एकाच आकाराची! मग नकाशातले देशही तसेच असले तर?

"प्रोफेसर, तुझं नकाशांचं पुस्तक! आधी ते काढ!"

पुस्तकात प्रत्येक देशाला एक पान होतं. आपला देश पानभर, शेजारचाही पानभर. पण कोपऱ्यात एक बारीकशी रेघ होती. दोन्ही पानांवर रेघ तेवढीच. आपल्या पानावर तिच्याखाली छापलं होतं शंभर किलोमीटर, आणि शेजारच्या पानावर...

"साडेतीनशे!" प्रोफेसरचा आवाज चिरकला. "म्हणजे आपली वीत चारशे किलोमीटरची आणि त्यांची चौदाशेची! लांबीला साडेतीनपट, रुंदीलाही साडेतीनपट. अगं, त्या देशात आपले बारा देश बसतील!"

"आणि माणसं किती?"

"आपली चार कोटी. त्यांची... तीस लाख! आपल्या एका शहरातच याहून जास्त आहेत!"

टिकलीनं भराभर हिशेब केला. आईला डिझेल दिलं होतं ते आपल्या वितेच्या हिशेबानं, जेमतेम साडेचारशे किलोमीटरचं. रस्त्यावरचं पहिलं शहर अर्ध्या वितेवर, म्हणजे सातशेवर! आई मध्येच अडकली होती आणि पोलीस तिला हजार किलोमीटर पुढं शोधत होते. त्यात पावलोपावली गाव आहे असं समजून ती चालत निघाली तर?

तिघंही कंपनीच्या ऑफिसाकडे धावत सुटली.

"पुन्हा तुम्ही?" घाईसाहेब खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका!"

"साहेब, सीमेवरच्या चौकीला फोन करा! आई शेवटच्या शहराच्या खूप अलीकडे अडकलीय!" टिकली हात जोडून म्हणाली.

"म्हणजे माझं चुकलं म्हणून कळवू? कंपनीच्या मालकीणबाई मला घरी बसवतील!"

टेबलावर अंगणातल्या लॉऱ्यांना हाका मारायचा माइक होता. प्रोफेसरनं टिकलीला डोळा घातला आणि सहज टेकल्यासारखं करून त्याचं बटण दाबलं.

टिकली ओळखून चुकली. तिनं आवाज चढवला. "समजा, आपल्या या अंगणात चाळीस माणसं आहेत. त्यांच्याकडे अशी बारा अंगणं, आणि सगळ्या अंगणांत मिळून माणसं फक्त तीन! माझ्या आईला कोण सापडणार तिथं? रेघ न बघता डिझेल दिलंत ना तुम्ही?"

"हो, दिलं! वीत ठेवली आणि दिलं! रेघाबिघा बघायला वेळ कुणाला आहे?"

"वेळ कुणाला आहे..." बाहेरच्या भोंग्यातून घाईसाहेबांचाच आवाज घुमला. आता मात्र ते खुर्चीतून ताडकन उठले!

पाठोपाठ दार धाडकन उघडलं. सगळ्यात जुने ड्रायव्हर दाढीवाले काका आत आले, मागे निम्मं अंगण. त्यांनी सरळ फोन उचलला. "चौकी? विमान पाठवा. सीमेपासून चारशे ते पाचशे किलोमीटर, या पट्ट्यात बघा. बाई एकटी आहे. लवकर करा हो!"

मग वाट बघणं आलं. चिल्लरचंही तोंड बंद होतं, यावरून काय ते समजा. उन्हं कलली. टिकलीच्या मनात नको नको ते येत होतं. मुठीतला फोटो घामानं ओला झाला होता.

फोन वाजला. काकांनी ऐकलं, डोळे पुसले आणि तो टिकलीच्या हातात दिला.

"टिकले," आईचा आवाज सुकलेला होता. "ऊन उतरलं की चालत निघणार होते गं. गाव जवळच असेल म्हटलं. बुटाच्या नाड्या बांधत होते, तेवढ्यात विमान आलं."

टिकली हमसून हमसून रडली. सगळ्यांनी बघितलं, तरी तिला त्याचं काही वाटलं नाही.

आई परतली त्या दिवशी मालकीणबाईंनी घाईसाहेबांना ऑफिसातून काढून गोदामात धाडलं आणि भिंतीवर एक मोठा नकाशा लावला. त्यात दोन्ही देश एकाच मापानं काढले होते. "मुलांनो, आम्ही मोठ्यांनी जे बघायचं, ते तुम्ही बघितलंत," त्या म्हणाल्या. काकांनी प्रोफेसरच्या पाठीवर अशी थाप दिली की त्याचा चष्माच उडाला!

"पण आधी मी बघितलं होतं!" चिल्लर कुरकुरला.

आईनं त्याला उचलून कडेवर घेतलं. मग त्या नकाशावर तिनं बोट ठेवलं. रस्ता एवढा लांब आणि आजूबाजूला काहीच नाही.

"रात्रभर दिवा शोधत होते मी," ती टिकलीला जवळ ओढून म्हणाली. "एवढ्या मोठ्या देशात एकही दिसला नाही गं."